अडवणाऱ्या शब्दांची वही

आमच्या केंद्रात येणारा माणूस काउंटरवर कागदांची पिशवी ठेवतो आणि म्हणतो, "बंद पडलंय, बघ की जरा." काय बंद पडलंय ते सांगत नाही. मोबाईल, दाखला, पास, पोरीचा अर्ज, काहीही असू शकतं. आपण विचारलं तर तोच आपल्याकडे वैतागून बघतो. मला माहीत असतं तर तुझ्याकडं कशाला आलो असतो, असं त्या बघण्यात असतं.

अनुभव लिहायचा म्हणजे माणूस निवृत्त तरी हवा किंवा मोठ्या हुद्द्यावरचा तरी. मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज आणि दुपारी साडेबारापासून सात वाजेपर्यंत अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या कोपऱ्यावरच्या एका सेवा केंद्रात काम, असं तीन वर्षं चाललं आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. माझं गाव जेऊरच्या पुढं आहे. आई फोनवर विचारते, "तितं नेमकं काय करतीस गं तू?" सुरुवातीला मी सगळं समजावून सांगायचे. एकदा कंटाळून म्हणाले, "लोकांचं अडकलेलं उघडून देते." त्यावर आईनं गावात सांगितलं, की सुरेखा कुलपाच्या दुकानात कामाला आहे. ते मी दुरुस्त केलं नाही, कारण ते फारसं चूक नव्हतं.

केंद्र म्हणजे तीन कॉम्प्युटर, कागद गिळणारा एक प्रिंटर आणि अण्णा. अण्णा मालक. पन्नाशीचे, कपाळाला विभूती, खिशात तीन पेनं. अक्कलकोटकडून आलेल्या माणसाशी ते कन्नड बोलतात, टॉवेलच्या कारखान्यातल्या बायकांशी मोडकं तेलुगू बोलतात, रिक्षावाल्यांशी दखनी आणि माझ्याशी मराठी. अण्णा चार भाषांत ‘सर्व्हर डाऊन आहे’ असं सांगू शकतात आणि दिवसातून चारही भाषांत त्यांना ते सांगावंच लागतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आमचं काम अर्ज भरायचं. अर्ज भरणं सोपं आहे. खरं काम सुरू होतं ते भरलेल्या अर्जापाशी आपल्याला परत जाऊ देत नाहीत तेव्हा. पडद्यावर लाल चौकट येते आणि तिच्यात एक इंग्रजी क्रियापद असतं. प्रत्येक वेबसाइटचं वेगळं. कुठं लॉक, कुठं ब्लॉक, कुठं सस्पेंड, कुठं डिसेबल. एका परीक्षेच्या साइटवर तर ‘डीबार’ दिसलं होतं. समोरच्या माणसाला या सगळ्यांचा अर्थ मी पहिलं वर्षभर एकच सांगत होते: "बंद झालंय."

मग एक दिवस महादेवमामा आले. लूमच्या, म्हणजे मागाच्या, खडखडाटात आयुष्य गेलेलं, त्यामुळं कमी ऐकू येतं आणि बोलणं मोठ्यानं. त्यांचं रेल्वे तिकिटाचं खातं अडकलं होतं. त्या दिवशी मी ‘बंद’ऐवजी पडद्यावरचाच शब्द वाचून दाखवला.

"मामा, ब्लॉक झालंय."

"ब्लॉक? मला?" मामा उठून उभेच राहिले. "कुणी केलं?"

"कुणी नाही, झालंय."

"आपोआप कसं हुईल? जावयानं केलंय का? फोनवर पण त्यानंच केलतं."

रांगेतली माणसं हसायला लागली. मामांना मात्र हसू येत नव्हतं. ते मला पुन्हा पुन्हा विचारत होते, की मी त्या रेल्वेवाल्यांचं काय वाकडं केलं? अर्ध्या तासानं कळलं, की त्यांनी पासवर्ड चुकीचा टाकला होता, तोही पाच वेळा. म्हणजे दोन तास थांबलं की झालं. एवढंच मी आधी नीट वाचलं असतं तर मामांचा जावई वाचला असता.

त्या संध्याकाळी मी शंभर पानी वही घेतली. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून इंग्रजी-मराठी शब्दकोश घेतला. त्यात ‘ब्लॉक’पुढं अडवणे, रोखणे, मार्ग बंद करणे असं होतं. ‘बार’पुढं मज्जाव करणे. ‘डीबार’पुढं वंचित ठेवणे. वाचायला बरं वाटलं, पण काउंटरवर एकाही शब्दाचा उपयोग होईना. मज्जाव केलाय असं मी एका बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मजा केली म्हंजे काय गं?" मग मी शब्दकोश ठेवून दिला आणि माझ्यापुरते अर्थ लावले.

लॉक म्हणजे दार आपल्याच चुकीनं ओढलं गेलंय, थोडं थांबलं की उघडतं. डिसेबल म्हणजे बरेच दिवस कुणी आलं नाही म्हणून बंद ठेवलंय, पुन्हा अर्ज करायचा. सस्पेंड म्हणजे रागावलेत, आधी कारण विचारतील, उत्तर पटलं तर उघडतील. डीबार म्हणजे त्या वर्षापुरतं विसरा. आणि ब्लॉक म्हणजे, मामांची रेल्वे सोडली तर, पलीकडं कुणीतरी मुद्दाम कडी घातलीय. ती इथून निघत नाही, तिथं जाऊन सांगावं लागतं. वहीत मी तीन रकाने केले: शब्द, अर्थ, काय करायचं. अण्णा वही बघून हसायचे. "पीएचडी करायलीस का गं? दोन शब्द पुरे आहेत. चालू अन् बंद."

त्यात काही साइटवर मराठीचं बटण असतं. ते दाबलं की येतं, ‘आपला प्रवेश अवरोधित करण्यात आला आहे.’ हे वाक्य मी आजवर शेकडो वेळा मोठ्यानं वाचलं असेल. ऐकणारा प्रत्येक जण एकदा माझ्याकडं बघतो आणि म्हणतो, "आता मराठीत सांग." कुणी केलं ते इंग्रजीतही नसतं, मराठीतही नसतं. महादेवमामांचा प्रश्न मला तेव्हा अडाणी वाटला होता. नंतर वाटेनासा झाला.

आता अण्णांच्या नंबरबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथंच येतं.

अर्ज भरताना मोबाईल नंबर द्यावा लागतो. त्या नंबरवर ओटीपी येतो, म्हणजे सहा आकडे. ते टाकले की दार उघडतं. आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या लोकांचा फोन घरी असतो, नाहीतर मुलाकडं, नाहीतर त्यात रिचार्ज नसतो. ‘जाऊन फोन घेऊन या’ म्हटलं की माणूस उन्हातून तासभर हेलपाटा घालतो आणि येईपर्यंत सर्व्हर गेलेला असतो. म्हणून अण्णांनी पूर्वीपासून एक पद्धत पाडली होती. अर्जात नंबर अण्णांचाच टाकायचा. ओटीपी आला की अण्णा आतून ओरडतात, "चार, सात, सात..." आणि मी टाइप करते. काम पाच मिनिटांत होतं. लोक आशीर्वाद देऊन जातात. आजूबाजूच्या वस्तीतले किती अर्ज अण्णांच्या त्या एका नंबरवर असतील, ते अण्णांनाही सांगता येणार नाही. मलाही ती पद्धत हुशारीची वाटायची. अण्णांचा नंबर माझ्या बोटांना इतका पाठ होता, की वडिलांचा नंबर लिहितानाही एकदा तोच लिहिला.

नरसूबाई टॉवेलच्या कारखान्यात शिलाई मारतात. त्यांची मुलगी श्रावणी. बारावीला चांगले मार्क पडले आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. अर्ज भरायला दोघी आल्या तेव्हा मी नंबरच्या चौकटीपाशी आले आणि श्रावणी म्हणाली, "ताई, माझा फोन आहे की. नंबर सांगू?"

"राहू दे गं," मी म्हणाले. "ओटीपी इथंच आलेला बरा. नाहीतर तुलाच दर वेळी यावं लागेल."

तिनं फोन पुन्हा पिशवीत टाकला. माझी बोटं चालू होती.

गुणवत्ता यादीत श्रावणीचं नाव आलं. आता शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत वेबसाइटवर जाऊन कॉलेजांची पसंती भरायची होती. नाही भरली तर या वर्षी प्रवेश नाही. गुरुवारी कारखाना सुटल्यावर नरसूबाई आल्या. रांग दारापर्यंत होती. मी श्रावणीचं खातं उघडायला गेले आणि लाल चौकट आली. पहिली ओळ बघितली, अंदाज केला आणि म्हणाले, "लॉक झालंय मावशी. उद्या आपोआप उघडेल. उद्या या."

खाली आणखी दोन ओळी होत्या. त्या मी वाचल्या नाहीत. ज्या मुलीनं शब्दांची वही केली, तिनंच त्या वाचल्या नाहीत. याचा मला अजून संताप येतो.

शुक्रवारी नरसूबाई पुन्हा आल्या, बरोबर श्रावणी. चौकट तशीच. या वेळी पूर्ण वाचली. ब्लॉक होतं. एकाच नंबरवर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त अर्ज भरल्यामुळं त्या नंबरवरच्या नंतरच्या अर्जांची खाती यादी लागल्यावर अडवली होती. उमेदवारानं स्वतः मदत केंद्रावर जाऊन नंबर बदलून घ्यावा. मदत केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका कॉलेजात. आणि शुक्रवारी ते केव्हाच बंद झालं होतं.

नरसूबाईंनी मला विचारलं, "काय लिवलंय गं?"

मी म्हणाले, "तिकडं जावं लागंल."

"मग काल का न्हाय सांगितलीस?"

त्या चिडल्या नव्हत्या, हे जास्त लागलं. त्या फक्त श्रावणीकडं बघून तेलुगूत काहीतरी म्हणाल्या आणि पिशवी उचलली. मी म्हणाले, "उद्या मी येते बरोबर."

शनिवारी अण्णा भाच्याच्या लग्नाला अक्कलकोटकडं गेले होते. मी केंद्राला कुलूप लावलं, आयुष्यात पहिल्यांदा न विचारता, आणि तिघी रिक्षानं निघालो. नरसूबाईंनी अर्धा दिवस सुट्टी घेतली होती. वाटेत त्या म्हणाल्या, "पोरगी लई हुशार हाय की. माझ्या बोटाला सुई लागलीती तर हिनंच पट्टी बांधली. डॉक्टर म्हणाला, कुणी बांधलं हे?" ही गोष्ट त्यांनी त्या दिवशी तीनदा सांगितली. माझ्याकडून त्यांना फक्त ‘हो मावशी’ एवढंच ऐकायचं होतं.

मदत केंद्राच्या व्हरांड्यात आमच्यासारखेच पुष्कळ होते. आमचा नंबर येईपर्यंत तीन वाजले. मी मध्ये अण्णांना फोन केला. मागं बँडचा आवाज.

"अण्णा, नंबर बदलायचा अर्ज द्यायचाय. कारण काय लिहू?"

"मोबाईल हरवला म्हणून लिवून टाक गं. काय होतंय? जेवायला बसलोय मी."

मी तसं लिहिलं. श्रावणी शेजारी उभी राहून वाचत होती. "पण माझा फोन हरवला न्हाय की ताई," ती हळूच म्हणाली आणि हातातला फोन ओढणीखाली लपवला.

आतल्या मॅडम सकाळपासून तेच तेच करून थकल्या होत्या. त्यांनी अर्ज वाचला आणि परत सरकवला.

"मोबाईल हरवला ना? मग पोलिसांत तक्रार दिल्याची प्रत लावा."

"मॅडम, आज शेवटचा दिवस आहे."

"मला माहीत आहे. मी काय करू? हरवल्याचं असेल तर प्रत लागते. पुढचे या."

साडेतीन वाजून गेले होते. पोलीस स्टेशन, तिथली रांग, परत रिक्षा. पाचच्या आत काहीही होणार नव्हतं. नरसूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना आमचं काय चाललंय ते कळत नव्हतं, पण माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "हुईना का? मग चल. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी म्हणजे काय, हे मला माहीत होतं. आमच्या गल्लीत ‘पुढच्या वर्षी’ म्हणून थांबलेल्या मुली मी बघितल्या आहेत. त्या आता कारखान्यातच आहेत. मला आईनं एक वर्ष थांब म्हटलं होतं, तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते.

मी दुसरा कोरा कागद घेतला. घाईत अक्षर वाईट आलं. लिहिलं, ‘अर्जातला मोबाईल नंबर उमेदवाराचा नाही. तो आमच्या सेवा केंद्राच्या मालकांचा आहे. उमेदवार स्वतःचा नंबर देत होती. तरी तिला थांबवून मी हा नंबर टाकला. यात उमेदवाराची चूक नाही.’ खाली माझं नाव, केंद्राचं नाव आणि सही. पुन्हा रांगेत उभे राहिलो.

मॅडमनी या वेळी दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"हा कागद वर जाणार. तुमच्या केंद्रावर येईल हे. कळतंय ना?"

"हो मॅडम."

"तुम्ही तिथंच काम करता?"

"हो."

"मालकांना विचारलंय?"

"ते लग्नाला गेलेत," मी म्हणाले. हे उत्तर नव्हतं, ते आम्हा दोघींनाही कळलं.

त्यांनी कागद फायलीत ठेवला आणि त्या श्रावणीला म्हणाल्या, "नंबर सांग तुझा."

श्रावणीनं सांगितला. मॅडमनी टाइप केला. श्रावणीच्या हातातला फोन वाजला. तिनं तो चटकन माझ्यापुढं धरला. "ताई, आकडे आलेत. सांगू?"

तीन वर्षांत इतक्या लोकांनी मला असे आकडे सांगितले होते, की माझा हात आपोआप पुढं गेला. मी तो मागं घेतला. "मला सांगू नको. कुणालाच सांगू नको. तूच टाक."

मॅडमनी तिला शेजारच्या कॉम्प्युटरवर बसवलं. ती एका बोटानं टाइप करत होती, एकेक आकडा दोनदा बघून. मला इतका वैताग आला होता, की तिच्या हातातून कीबोर्ड ओढून घ्यावा असं वाटत होतं. मी हात मागं बांधून उभी राहिले. पावणेपाचला पसंती भरून झाली. नरसूबाईंनी विचारलं, "उघडलं?" श्रावणी म्हणाली, "उघडलं गं अम्मा." मग त्या बोटाची गोष्ट त्यांनी मॅडमना सांगितली.

श्रावणीला प्रवेश मिळाला. ती आता होस्टेलवर आहे.

शनिवारी रात्री अण्णांना मी फोनवर खरं सांगितलं. ते कन्नडमध्ये काहीतरी बोलले आणि फोन ठेवला. रविवार गेला. सोमवारी मी साडेबाराला पोचले, तेव्हा अण्णा माझ्याच खुर्चीवर बसले होते.

"कुणी सांगितलं गं तुला खरं लिवायला? मी काय सांगितलं होतं?"

"हरवल्याला पोलिसांची प्रत लागत होती, अण्णा."

"मग मला परत फोन करायचास!"

"तुम्ही दुसरं काय सांगितलं असतं?"

एवढं उलट मी त्यांना कधी बोलले नव्हते. अण्णा हात पुसत आत गेले, बाहेर आले, प्रिंटरला उगाच थोपटलं. दिवसभर आम्ही कामापुरतंच बोललो. माझी नोकरी गेली की राहिली, ते मला कळत नव्हतं आणि विचारायची हिंमत नव्हती.

गुरुवारी अण्णांनी केंद्राचं स्वतःचं खातं उघडलं आणि लाल चौकट आली. बाहेर सात-आठ माणसं थांबली होती. अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "ती वही आण तुझी."

मी वही दिली. त्यांनी पानं उलटली. "सस्पेंड. हे कुठलं गं? उघडतं का?"

"उघडतं. आधी कारण विचारतात. खाली चौकट आहे बघा, त्यात लिहायचं."

"काय लिवू?" आणि मग, वही मिटत, "मोबाईल हरवला?"

मला हसावं की रडावं कळेना. अण्णा पण हसले नाहीत. त्यांनी बाहेर जाऊन लोकांना सर्व्हर डाऊन आहे असं सांगितलं नाही. म्हणाले, "आमचंच बंद पडलंय. घरी जाऊन ज्याचा त्याचा फोन घिऊन या." महादेवमामा रांगेत होते. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "कुणी केलं?"

अण्णांनी आत येऊन खुर्ची माझ्याकडं सरकवली.

"तूच लिव. माझं मराठी असल्या कागदाला चालंना."

मी बसले आणि टाइप केलं, ‘उमेदवारांच्या अर्जात आमच्या केंद्राने स्वतःचा नंबर...’

मागून अण्णांचं बोट पडद्यावर आलं.

"केंद्रानं कसा टाकंल? केंद्राला बोटं हायत का? ‘मी’ लिव."

"पण अण्णा, श्रावणीचा टाकला मी होता."

"नंबर कुणाचा हाय?" अण्णा चिडून म्हणाले. "‘मी’ लिव म्हणतो ना. अन् खाली माझं नाव घाल. पूर्ण घाल."